महामार्गालगतची वीज: दुभाजकातली चक्की, रस्त्यावरचं छत आणि गावाचं गायरान

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं. तुमचं गाव वाशीम जिल्ह्यात, अकोला-नांदेड चौपदरी महामार्गाला लागून. काही मंडळी येऊन ग्रामपंचायतीला एक योजना दाखवून गेली: दुभाजकात छोट्या उभ्या पवनचक्क्या, त्या गाड्यांच्या झोताने फिरणार, रस्त्यावर सौर पॅनेलचं छत, त्या विजेवर गावातले पथदिवे आणि नळयोजना, उरलेली वीज विकून पंचायतीला उत्पन्न. सुरुवातीला पंचायतीने काही रक्कम भरायची. हे चालतं का, आणि उपसरपंच म्हणून तुम्ही काय करावं?

रक्कम भरू नका. पहिलं कारण विजेचं नाहीच, जागेचं आहे. राष्ट्रीय महामार्गाचा दुभाजक आणि दोन्ही बाजूंची संपादित जमीन केंद्र सरकारची असते. तिथं काहीही उभारायला २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्याखाली महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. पंचायतीने ठराव केला तरी दुभाजकावर एक खांब रोवता येणार नाही. तुमच्याकडे आलेल्यांना ती परवानगी दाखवायला सांगा.

आता विजेचं बोलू. मी या कामात तेवीस वर्षं आहे. आधी सातारा आणि साक्रीकडच्या पवनचक्क्यांवर होतो, नंतर सौर प्रकल्पांच्या उभारणीत आलो. गाड्यांच्या झोतावर वीज करायची कल्पना दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी घेऊन येतं. बहुतेकदा इंजिनिअरिंगची मुलं असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. कल्पना पटते, कारण झोत आपण अंगावर अनुभवलेला असतो. सायकलवर असताना बाजूने ट्रक गेला की हँडल हलतं. पण त्या धक्क्यात ऊर्जा किती, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने बदलते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट, निम्मा झाला तर आठवा हिस्सा. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद चक्की घ्या. ट्रक अगदी जवळून गेला आणि सेकंदाला ६ मीटर वेगाचा झोत दोन सेकंद संपूर्ण चक्कीवर बसला, असं हात सैल सोडून धरू. त्या वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १२४ वॉट असतात, म्हणजे चक्कीसमोर २४८ वॉट. अशी छोटी चक्की चांगली बनवलेली असेल तर त्यातला पाव भाग काढते. हाती ६२ वॉट, तेही दोन सेकंद, म्हणजे १२४ जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भागाकार केला की येतात २९ हजार ट्रक. एका युनिटसाठी. दिवसाला पाच हजार अवजड वाहनं त्या एका चक्कीला घासून गेली, तरी युनिट पडायला सहा दिवस लागतील. शिवाय थांबलेली चक्की झोत बसताक्षणी पूर्ण वेगाने फिरते असं इथं मानलं आहे. प्रत्यक्षात ती गती घेईपर्यंत ट्रक पुढे गेलेला असतो.

"आमचं डिझाइन वेगळं आहे" असं तुम्हाला सांगितलं जाईल. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ सालीच दाखवून दिलं की कितीही उत्तम चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढू शकत नाही. ही मर्यादा निसर्गाची आहे, कारागिरीची नाही. त्या मर्यादेला पोचलेली चक्की कोणी आणली, तरी २९ हजारांचे १२ हजार ट्रक होतील, इतकाच फरक.

आणि ५५० वॉटचं एक साधं पॅनेल विदर्भाच्या उन्हात वर्षाची सरासरी धरून दिवसाला दोन युनिटांहून थोडी जास्त वीज देतं. एकही ट्रक न जाता.

झोत सोडून नैसर्गिक वाऱ्यावर चक्की चालवली तर? माणसाच्या उंचीवर, आजूबाजूला झाडं-घरं असताना, सेकंदाला ३ मीटरचा वारा बारा महिने अखंड वाहतो असं मानलं तरी ही दोन चौरस मीटरची चक्की वर्षाला साधारण ६० युनिट देईल. तेवढी वीज ते एक पॅनेल महिन्याभरात देतं. पात्यांचं, बेअरिंगचं, ताशी शंभराने धावणाऱ्या गाडीसमोर पातं तुटून पडण्याचं मी अजून बोललोही नाही. बोगद्यात तर असली चक्की अपायच करेल. धावत्या गाड्या आपल्यामागे हवा ओढतात आणि त्यानेच बोगद्याचं बरंचसं वायुवीजन होतं. तिथं चक्की लावली की ती हवा अडते आणि मोठे पंखे जास्त वेळ चालवावे लागतात.

याचा अर्थ महामार्ग आणि वारा यांचा संबंध नाही असा नाही. वाट खिंड शोधते, तसा वाराही खिंड शोधतो. कन्याकुमारीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मुप्पंडलजवळ पश्चिम घाट संपता संपता वारा जोरात घुसतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पवनचक्क्यांचं रान दिसतं. आपल्याकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कवड्या डोंगर, साताऱ्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही तशीच वाऱ्याची ठिकाणं. पण आजच्या नव्या मोठ्या चक्कीचा मनोरा शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतो, कारण वारा वर असतो. केंद्राच्या नियमानुसार अशी चक्की सार्वजनिक रस्त्यापासून मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या चकतीचा निम्मा व्यास, अधिक ५ मीटर इतकी दूर हवी. १२० मीटरचा मनोरा आणि १२० मीटरची चकती असेल तर १८५ मीटर. म्हणजे खरी पवनचक्की महामार्गाच्या हद्दीत बसतच नाही. महामार्गाचा तिला उपयोग होतो तो पाती आणि क्रेन आणण्यासाठी. वाशीमच्या पठारावर साताऱ्यासारखा वारा नाही, तेव्हा तुमच्यासाठी हा विषय इथं संपला.

आता पॅनेल. ती कुठे बसवायची, हाच खरा प्रश्न आहे.

रस्त्याच्या पृष्ठभागात बसवायचा प्रयोग फ्रान्सने केला. नॉर्मंडीतल्या तुरूव्र-ओ-पेर्श या गावी डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर रस्त्यावर २,८०० चौरस मीटर पॅनेल अंथरली. खर्च ५० लाख युरो, म्हणजे त्या वेळचे ३५ कोटींहून जास्त रुपये. २०१७ मध्ये त्यातून सुमारे दीड लाख युनिट वीज आली, २०१८ मध्ये जेमतेम ७८ हजार. पुढे त्यातला खराब झालेला भाग उखडावा लागला. आज आपल्याकडे जमिनीवर एक मेगावॉट उभारायला साधारण चार कोटी लागतात आणि वर्षाला १५ लाख युनिट मिळतात. नॉर्मंडीचं ऊन आपल्यापेक्षा बरंच कमी, हे जमेस धरलं तरी तफावत कुठल्या कुठे जाते. चीनमध्ये जिनान शहराजवळ डिसेंबर २०१७ मध्ये असाच एक किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि काही दिवसांतच त्यातला एक तुकडा चोरीला गेला.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी आलं तर तुम्हीच विचाराल. रस्त्यातलं पॅनेल आडवं असतं, त्याला सूर्याकडे तोंड करता येत नाही. वरची काच जाड आणि खरखरीत ठेवावी लागते, नाहीतर टायर घसरतील. त्यामुळे आत कमी ऊन पोचतं. खालून हवा लागत नाही म्हणून पॅनेल तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याची क्षमता साधारण ०.३५ टक्क्याने घटते. वैशाखात आपला डांबरी रस्ता किती तापतो हे तुम्हाला सांगायला नको. वर गाड्यांच्या सावल्या, टायरचा काळा थर, आणि ट्रकचं ओझं. चार टायरच्या एका आसावर ११.५ टनांची परवानगी २०१८ पासून आहे. त्याखाली काच तडकणारच.

छत करणं त्यापेक्षा बरं, पण चालत्या महामार्गावर नको. ट्रकच्या वर साडेपाच मीटर मोकळं ठेवून एवढा रुंद सांगाडा उभारायचा, तर नागपूरसाठी तो सेकंदाला ४४ मीटर वाऱ्याला टिकेल असा करावा लागतो. त्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात जातो. पॅनेलपेक्षा लोखंडाचाच खर्च वरचढ होतो. मग खांबांना धडकणाऱ्या गाड्या आणि छताखाली पेटलेला टँकर. उलटलेला कंटेनर उचलायला आलेली क्रेन उभी करायला वर जागाच उरत नाही. हैदराबादेत मात्र बाह्यवळण मार्गाच्या कडेला २३ किलोमीटरचा सायकलमार्ग १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला, त्यावर १६ मेगावॉटचं सौर छत आहे. सायकलवर छताची उंची कमी, ओझं कमी, आणि चालवणाऱ्याला सावली मिळते. छत हवंच असेल तर ते असं. धाब्यांपुढचं, पेट्रोलपंपावरचं, टोलनाक्यावरचं, विश्रांतीस्थळाच्या पार्किंगवरचंही चांगलं. ३८ मोटारींच्या पार्किंगवर जवळपास १०० किलोवॉट बसतात. त्यातून दिवसाला ४०० युनिटांच्या आसपास वीज येते, म्हणजे प्रत्येकी ४० युनिट घेणाऱ्या दहा इलेक्ट्रिक मोटारी. वीज जिथं झाली तिथंच, दिवसाच वापरली गेली, तर तारेतली गळतीही वाचते आणि बॅटरीही.

सगळ्यांत चांगली जागा मात्र रस्त्याने आधीच अडवून ठेवलेली असते. इंटरचेंजच्या, म्हणजे महामार्गावर चढा-उतरायच्या जोडरस्त्यांच्या, वळणांमधली. १२० मीटर व्यासाच्या एका गोल वळणाच्या पोटात पावणेतीन एकर जमीन असते. कडेचे १५ मीटर गाडी घसरली तर म्हणून मोकळे सोडले, तरी दीड एकर उरते, म्हणजे सुमारे ४०० किलोवॉट. त्या जमिनीवर कोणी पेरत नाही, कोणी घर बांधत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्याने २००८ साली नेमकी अशीच जागा निवडली: दोन महामार्गांच्या जोडावर १०४ किलोवॉट. नंतर २०१२ मध्ये विश्रांतीस्थळाशेजारी पावणेदोन मेगावॉट. पहिलं छोटं केलं, ते नीट चाललं, मग मोठं केलं. मला हा क्रम आवडतो.

तुमच्याच जिल्ह्यात याचं उदाहरण आहे. समृद्धी महामार्गावर २०२५ मध्ये कारंजा लाडच्या इंटरचेंजला ३ मेगावॉट आणि बुलढाण्यात मेहकरला २ मेगावॉट सुरू झाले. संपूर्ण मार्गाचं उद्दिष्ट २०४ मेगावॉटचं आहे. एसटीने कारंजापर्यंत जा आणि बाहेरूनच पाहून या. पॅनेल दुभाजकात नाहीत, रस्त्यावरही नाहीत. मोकळ्या जागेत, कुंपणाच्या आत आहेत.

"मग साऱ्या महामार्गाच्या कडेने एकच लांब पट्टी का लावत नाहीत?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. कागदावर ती सुंदर दिसते. एका ओळीत ५५० वॉटची पॅनेल उभी लावली तर किलोमीटरला ८८० बसतात, म्हणजे पावणेपाचशे किलोवॉट. मोऱ्या, पूल, गावांचे फाटे, बसथांबे सोडून हाती चारशे धरा. तीन मेगावॉटला साडेसात-आठ किलोमीटर लागतील. तेच तीन मेगावॉट बारा एकरांच्या चौकोनात बसतात आणि त्या चौकोनाचं कुंपण होतं ८८० मीटर. पट्टीचं कुंपण होतं सोळा किलोमीटर. राखणदार किती लागतील? गवत कापायला, काच धुवायला माणसं आठ किलोमीटर वेगवान वाहतुकीच्या कडेने पाठवायची. या कामातली माझी सर्वांत मोठी काळजी तीच आहे. पॅनेल पुसणाऱ्या बाया आणि पोरं गाडीखाली येऊ नयेत, हे आराखड्यातच ठरलं पाहिजे, नंतर फलक लावून ते साधत नाही.

वायरिंगचंही तसंच. चारशे किलोवॉट ४१५ व्होल्टवर नेले तर तारेतून साडेपाचशे अँपिअर वाहतात. ११ हजार व्होल्टवर तीच वीज एकवीस अँपिअरमध्ये जाते. म्हणून पट्टी केली की दर किलोमीटरला एक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि शेजारून ११ केव्हीची केबल टाकावीच लागते. त्याच पट्टीत आधीच कुणाची ऑप्टिकल फायबर असते, कुणाची गॅसची नळी असते. आणि दहा वर्षांनी चौपदरी रस्ता सहापदरी करायचा ठरला तर पंचवीस वर्षांच्या करारावर बसवलेली पॅनेल उचलून ठेवायची कुठे?

रस्त्याची दिशाही बघावी लागते. समृद्धी ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे भरावाचा एक उतार आपोआप दक्षिणेकडे तोंड करून असतो. पॅनेलला तेच हवं. तुमचा महामार्ग उत्तर-दक्षिण आहे, त्याचे उतार पूर्वेला आणि पश्चिमेला. तिथं दोन्ही बाजूंनी ऊन घेणारी पॅनेल भिंतीसारखी उभी लावता येतात. ती सकाळी एका अंगाने आणि संध्याकाळी दुसऱ्या अंगाने वीज देतात, धूळही कमी धरतात. पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची तिरीप चालकाच्या डोळ्यांवर येते का, हे आधी तपासावं लागतं.

युरोपातल्या आवाजरोधक भिंतींचं उदाहरण तुम्हाला दाखवलं असेल. ते खरं आहे. स्वित्झर्लंडमध्ये खूर शहराजवळ ए-१३ महामार्गावर १९८९ पासून १०० किलोवॉटची अशी भिंत आहे, आणि जर्मनीत आशाफेनबुर्गजवळ ए-३ वर २.७ किलोमीटरच्या आवाजरोधकावर २.६५ मेगावॉट आहेत. पण ते देश विषुववृत्तापासून दूर आहेत. तिथं सूर्य खालूनच फिरतो, म्हणून त्याच्याकडे तोंड केलेल्या उभ्या पॅनेललाही बरंच ऊन मिळतं. आपल्याकडे मे ते जुलै दुपारचा सूर्य डोक्यावर असतो, त्यातले जवळपास दोन महिने तर किंचित उत्तरेला कलतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उभ्या भिंतीला त्या दिवसांत भर दुपारी थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. तिथली रचना इथं उचलून आणली की पस्तावायची वेळ येते.

देखभालीचं थोडं सांगतो, कारण सादरीकरणात ते कधीच नसतं. महामार्गालगतची धूळ शेतातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात काजळी आणि टायरचा चुरा असतो, ती चिकटते, पहिल्या सरीने जात नाही. एका पॅनेलला धुवायला दोन लिटर धरले तर एका मेगावॉटला एका वेळी साडेतीन हजार लिटरांच्या पुढे पाणी. एप्रिल-मे मध्ये वाशीममध्ये ते कुठून आणणार, हे आधी लिहून घ्या. पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत दिवाळीनंतर वाळतं आणि एका बिडीच्या थोटकाने पेट घेतं. पॅनेलखाली मेंढ्या चारायला सोडणं हा त्यावरचा उत्तम उपाय, धनगरांचीही सोय होते. शेळ्या मात्र सोडू नका. त्या पॅनेलवर चढतात आणि तारा चावतात. झाडांचाही विचार हवा. महामार्गाच्या कडेला झाडं लावणं गरजेचंच आहे आणि पॅनेलसाठी मोठं झाड तोडायला माझा साफ विरोध आहे. झाडं आहेत तिथं पॅनेल नको, दुसरी जागा शोधा.

एक अनुभव सांगतो. पूर्वी मी एका राज्य महामार्गावर बॅटरीवाले सौर पथदिवे बसवायच्या कामावर होतो. काम नीट झालं, दिवे लागले, गावकरी खूश. दोन वर्षांत निम्म्याहून अधिक खांबांवरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या किंवा मेल्या. देखभालीचा करार ज्यांनी केला होता त्यांनी फोन उचलणं सोडलं. अंधारात उभे असलेले ते खांब मला अजून टोचतात, कारण जागा मीच मोजून दिल्या होत्या. तेव्हापासून माझा आग्रह असतो: पॅनेल एका राखलेल्या जागी, वीज थेट ग्रिडमध्ये, आणि दिवे ग्रिडवर.

आता तुमच्या गावाचं. महामार्गाची जमीन तुमची नाही, पण गायरान आणि गावालगतची पडीक जमीन तुमच्या हद्दीत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० याच कामासाठी आहे: महावितरणच्या उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प, त्याची वीज कृषी फीडरला, म्हणजे शेतकऱ्याला पंपासाठी दिवसा वीज. पैसे गुंतवतो तो प्रकल्प उभारणारा, पंचायत नव्हे. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं जाहीर झालेलं आहे, आणि प्रकल्प आला त्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं विकासकामांसाठी अनुदानाची तरतूद आहे. तुमच्याकडे आलेल्या मंडळींनी तुमच्याकडून पैसे मागितले. इथं पैसा उलट्या दिशेने येतो.

गायरान देताना एक जपा. ज्यांची गुरं तिथं चरतात त्यांना ग्रामसभेत आधी बोलवा. चराईचा कोपरा वेगळा राखून मगच ठराव करा. हे न करता घाईने दिलेल्या जागांवर कुंपणं तुटतात आणि भांडणं वर्षानुवर्षं पुरतात. शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पंचायतीची इमारत यांच्या छतांवर पॅनेल लावायचं काम मात्र उद्याच हाती घेता येईल. त्यासाठी महामार्गाशी काही देणंघेणं नाही. नळयोजनेचा पंपही दिवसा चालवला तर तो त्याच पॅनेलवर निभावतो. टाकी भरली की रात्रीचं पाणी साठलेलंच असतं, बॅटरी लागत नाही.

तुमच्या गावाला वीज देणाऱ्या ३३/११ केव्ही उपकेंद्राचं अंतर वायरमनला विचारून घ्या. उपकेंद्रात रोहित्र किती क्षमतेचं (एमव्हीए) आहे आणि त्यावर दुपारी किती भार असतो तेही विचारा. सोबत गायरानाचा सातबारा आणि मोजणीचा नकाशा, आणि नळयोजनेच्या पंपाची अश्वशक्ती. एवढं हातात आलं की तुमच्या जागेवर किती किलोवॉट बसतात, तार कुठून न्यायची आणि कोणता कोपरा गुरांसाठी सोडायचा, हे मी तुम्हाला कागदावर आखून देईन.